बससाठी वेगळी मार्गिका येतेय म्हणतात : बेळगाव आणि सीमाभागातल्या रहिवाशांनी काय मोजावं, काय मागावं, कुठं लिहावं

रस्त्याचा एक पट्टा फक्त बससाठी राखायचा अशी नुसती कुणकुण लागली तरी गल्लीत दोन तट पडतात. दुकानदार विचारतात, गिऱ्हाईकानं गाडी लावायची कुठं? कॉलेजला जाणारी पोरं म्हणतात, बस वेळेवर येणार असेल तर येऊ दे की. वयस्कर मंडळींना रस्ता ओलांडायची धास्ती, तर हातगाडीवाल्याला पोटाची. मग पेपरात बातमी येते, नगरसेवकाला निवेदन दिलं जातं, त्याचा फोटो छापून येतो आणि तोवर आराखडा मंजूर होऊन निविदा निघालेली असते. मंजुरीच्या आधी जो थोडा वेळ हातात असतो, त्यात रहिवाशांनी नेमकं काय करायचं, ते इथं सविस्तर मांडतो.

माझं मत आधीच सांगतो. बस सुधारायलाच हवी. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, कडोली, सांबरा या गावांतून बेळगावात शिकायला, कामाला, भाजी विकायला येणाऱ्यांचा मोठा आधार बसच आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून बसमधली गर्दी आपण सगळेच बघतोय. पण न मोजता, न विचारता आखलेली मार्गिका बसचंही भलं करत नाही आणि रस्त्याचंही. म्हणून ‘हवी’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी कुठून कुठपर्यंत, किती रुंद, कोणत्या वेळेत आणि कोणाच्या जागेवर, हे चार प्रश्न विचारायचे. त्यांची उत्तरं कागदावर मिळाली की निम्मी भांडणं तिथंच मिटतात आणि उरलेली नीट मुद्द्यावर येतात.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

बेळगावात सगळे रस्ते एकाच कार्यालयाच्या ताब्यात नाहीत. गल्लीबोळ आणि शहरातले बहुतेक रस्ते महानगरपालिकेचे, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, कॅम्प भागातले छावणी परिषदेच्या हद्दीतले, शहराबाहेरून जाणारा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, त्यामुळं काही रस्त्यांची कामं त्या योजनेच्या कंपनीमार्फतही झाली. बस चालवणार वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, वाहतुकीचे निर्बंध लावणार पोलीस आयुक्तालय, आणि शहराच्या विकास आराखड्यात त्या रस्त्याची रुंदी किती धरलीय हे सांगणार बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. निवेदन चुकीच्या दारात दिलं की ‘हा विषय आमच्याकडं येत नाही’ एवढं उत्तर यायलाच महिना जातो.

म्हणून आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडून किंवा महापालिकेच्या अभियंता विभागातून तीन गोष्टी पहिल्यांदा विचारून घ्या. रस्त्याची मालकी कोणाची, प्रस्ताव कोणत्या खात्यानं मांडला, आणि तो आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे : नुसती कल्पना, सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल की निविदा. अहवालाच्या टप्प्यावर नकाशातली रेघ हलवता येते. निविदा निघाली की हरकत घ्यायला बंदी नसते, पण प्रत्येक बदलाला खर्चाचं कारण पुढं केलं जातं. राज्याच्या सार्वजनिक खरेदीच्या संकेतस्थळावर निविदेची कागदपत्रं बघता येतात, तिथं अधूनमधून नजर टाकण्याचं काम गल्लीतल्या एखाद्या तरुणावर सोपवा.

तोंडी माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. ती टळली किंवा उत्तर अपुरं आलं तर तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. कर्नाटकाच्या नियमांत दोन अटी आहेत आणि अर्ज बहुतेकदा त्यांच्यावरच अडकतात : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत. त्यामुळं बसमार्गिका, गटार आणि अतिक्रमण असं सगळं एकाच अर्जात भरू नका.

भाषेचंही नीट समजून घ्या, सीमाभागात याला फार महत्त्व आहे. माहिती अधिकार कायद्यानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे आपल्याकडं कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतला अर्ज परत आला तर हातातले दिवस वाया जातात. तक्रारीचं किंवा हरकतीचं निवेदन मात्र वेगळं आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा माहितीचा अर्ज कन्नडमधून किंवा इंग्रजीतून करा, आणि हरकत मराठीत देऊन सोबत कन्नड अनुवाद जोडा. अनुवाद जोडल्यानं आपला हक्क कमी होत नाही, वाचणाऱ्या कारकुनाचं काम मात्र सोपं होतं आणि फाईल लवकर हलते.

अर्जात एवढं मागितलं तरी पुरे : “अमुक रस्त्यावरील प्रस्तावित बसमार्गिकेचा आराखडा व आडवे छेद, सर्वेक्षणातील वाहन व प्रवासी मोजणी, प्रस्तावाला मंजुरी देणारे ठराव, आणि या रस्त्यावर ताशी किती बस चालवणार याबाबत परिवहन महामंडळाशी झालेला पत्रव्यवहार, यांच्या प्रती द्याव्यात. तसेच संबंधित फाईल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी व वेळ कळवावी.” आडवा छेद म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवून प्रत्येक भागाची रुंदी सांगणारं चित्र. फाईल बघायची संधी मिळाली तर सोडू नका. सोबत कन्नड नीट वाचणारं माणूस आणि आराखडा समजणारा एखादा इंजिनियर किंवा ओव्हरसियर असू द्या.

टेप घेऊन रस्ता मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. कागदावर अठरा मीटर लिहिलेला रस्ता प्रत्यक्षात कुठं अठरा, कुठं साडेचौदा तर मंदिराच्या कोपऱ्यावर अकराच मीटर भरतो. मार्गिका अडकते ती तिथंच.

पन्नास मीटरची टेप, खडू आणि तीन माणसं घेऊन रविवारी सकाळी लवकर निघा. दर पन्नास पावलांवर एका बाजूच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या, आणि त्यात फूटपाथ किती, गटाराची झाकणं कुठं, विजेचा खांब वा ट्रान्सफॉर्मर किती आत आलाय, झाडाचा बुंधा कुठं, दुकानाची पायरी किती पुढं, हे वेगवेगळं लिहा. ज्या जागी रस्ता सगळ्यात अरुंद, तिचा फोटो टेप दिसेल असा काढा. पुढच्या प्रत्येक चर्चेत हा फोटो तुमच्या बाजूनं बोलेल.

आता गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत रहिवासी भागात फूटपाथची चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेच्या भागात २.५ मीटर सांगितली आहे. बसच्या एका मार्गिकेला साधारण ३.५ मीटर लागतात, कारण बसच अडीच मीटरच्या आसपास रुंद असते.

अठरा मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना १.८ चे फूटपाथ म्हणजे ३.६ मीटर गेले. जाण्यायेण्याच्या दोन बसमार्गिका म्हणजे ७ मीटर. उरले ७.४, म्हणजे बाकीच्या सगळ्या वाहनांना प्रत्येक दिशेला ३.७ मीटरची एकच लेन. पार्किंगला जागा नाही, दुभाजक अजून धरलेलाच नाही. बाजारपेठ म्हणून फूटपाथ अडीच मीटरचे धरले तर लेन तीन मीटरवर येते. एक टेम्पो माल उतरवायला थांबला की सगळी रांग त्याच्यामागं.

बारा मीटरच्या रस्त्यावर तर फूटपाथ वजा जाता ८.४ मीटर उरतात. त्यातून दोन बसमार्गिका काढल्या तर १.४ मीटर शिल्लक राहतो, त्यातून दुचाकीसुद्धा धड जाणार नाही. म्हणजे इथं दोन्ही दिशांच्या मार्गिका होणंच शक्य नाही, कोणी कितीही सुंदर चित्र दाखवलं तरी. एकेरी वाहतूक करून एका बाजूला बसमार्गिका ठेवली तर ४.९ मीटर मोकळे राहतात, तेवढंच जमू शकतं. चोवीस मीटरच्या रस्त्यावर मात्र अडीचचे फूटपाथ आणि दोन बसमार्गिका काढूनही दर दिशेला सहा मीटर उरतात. तिथं खरा विचार होऊ शकतो. थांबे रस्त्याच्या मधोमध ठेवायचे असतील तर फलाटासाठी आणखी तीनेक मीटर लागतील हेही धरा.

हे गणित आपल्या रस्त्याच्या आकड्यांनी करा. जुन्या शहरात खडेबाजार, गणपत गल्लीसारख्या रस्त्यांवर आणि काँग्रेस रोड वा जुना पी. बी. रोड अशा लांब रस्त्यांवर एकच आराखडा लागू होणार नाही. निपाणी, खानापूर, चिकोडीसारख्या गावांत तर बाजाराचा रस्ताच गावाचा मुख्य रस्ता असतो, तिथं ही मोजणी आणखी गरजेची.

मग माणसं मोजा

वाहनं मोजणारे पुष्कळ असतात. वाहनातली माणसं मोजा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात, एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा दिवस, एवढं पुरतं. कॉलेजची मुलं आनंदानं करतील. एकानं बस मोजायच्या आणि आत साधारण किती माणसं ते बघायचं, दुसऱ्यानं दुचाकी, तिसऱ्यानं मोटारी आणि रिक्षा, चौथ्यानं पायी जाणारे आणि रस्ता ओलांडणारे.

समजा एका दिशेला तासाभरात चोवीस बस गेल्या, दर बसमध्ये सरासरी पस्तीस माणसं : ८४० प्रवासी. अकराशे दुचाकींवर १,४३०, एकशे ऐंशी मोटारींत ३२४, दीडशे रिक्षांत ३००. एकूण २,८९४ पैकी बसमध्ये सुमारे २९ टक्के. आणि बसला मिळणार त्या दिशेच्या रस्त्याची जवळपास निम्मी रुंदी. इथं ‘मार्गिका नको’ म्हणण्याआधी पुढचा प्रश्न विचारा : मार्गिका झाल्यावर बस किती वाढवणार? ताशी चोवीसच्या पन्नास होणार असतील तर बसमधली माणसं साडेसतराशेवर जातील आणि निम्मा रस्ता देणं रास्त ठरेल. बस वाढणारच नसतील तर तो पट्टा बराच वेळ रिकामा दिसेल, दुचाकीवाले त्यात घुसतील आणि महिनाभरात पट्टा फक्त रंगापुरता उरेल. ताशी किती बस, पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, हे महामंडळाकडून लेखी घेणं ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी मागणी आहे. काँक्रीट ओतायला पैसा मिळतो, बस आणि चालक वाढवायला मिळत नाही, आणि मग दोष मात्र मार्गिकेला लागतो.

दुकानदारांनी आपली वेगळी मोजणी करावी. गिऱ्हाईक आलं की एकच विचारायचं : बसनं आलात, चालत की गाडीनं? सणाची गर्दी सोडून आठवडाभर वहीत खुणा करा. लग्नसराईत साड्या घ्यायला खेड्यावरून येणारं कुटुंब कशानं येतं, हे अंदाजानं सांगणं आणि वहीत दाखवणं यात फार फरक आहे. उत्तर काहीही निघो, ते तुमच्या कामाचंच असेल.

हुबळी-धारवाडला जाऊन या

बेळगावपासून धारवाड पाऊणशे किलोमीटरवर आहे. तिथं हुबळी-धारवाड दरम्यान सुमारे बावीस किलोमीटरचा जलद बसमार्ग आहे. त्यावरच्या बसना ‘चिगरी’ म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या चालू झाल्या, औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी २०२० मध्ये झालं. पाच-सहा जणांनी एक दिवस काढून बघून या, त्यात एक दुकानदार आणि एक ज्येष्ठ महिला असू द्या. बसमध्ये बसून वेग बघा, मग उतरून थांब्यापासून समोरच्या दुकानापर्यंत रस्ता ओलांडून बघा. तिथल्या टपरीवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोला. पावसाळ्यात गेलात तर पाणी कुठं साचतं तेही दिसेल. तो रस्ता आपल्यापेक्षा बराच रुंद आहे, हे लक्षात ठेवून तुलना करा.

देशातले बाकीचे अनुभवही दोन्ही बाजूंचे आहेत. अहमदाबादची सेवा २००९ पासून चालू आहे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये उखडला. भोपाळचा २०२४ मध्ये काढायला घेतला. पुण्यानं २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात पहिल्यांदा हा प्रयोग केला, पण मार्गिका सलग राहिली नाही. बस चौकात आली की पुन्हा त्याच गर्दीत. या सगळ्यातून आपल्या कामाचं एक कलम घ्या : चौकातला आराखडा बघितल्याशिवाय सरळ रस्त्याच्या आराखड्याला होकार देऊ नका. राणी चन्नम्मा चौक, गोगटे सर्कल किंवा एखादं रेल्वे गेट जवळ असेल तर तिथं बस पुढं कशी काढणार, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

बैठक अशी घ्या

पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ यांच्यामार्फत निरोप द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. भाड्यानं राहणारे, टपरीवाले, रिक्षा स्टँडवरचे चालक आणि शेजारचे कन्नड व उर्दू बोलणारे रहिवासी, सगळ्यांना बोलवा. या प्रश्नाला मराठी-कन्नड वादाचा रंग चढला की अधिकाऱ्यांना मूळ मुद्दा टाळायला आयतं कारण मिळतं. सह्यांचा कागद दोन्ही भाषांत असला आणि सह्या सगळ्यांच्या असल्या तर तो बाजूला सारणं अवघड जातं. बायकांना जमेल अशी वेळ ठेवा, संध्याकाळी साडेसातला स्वयंपाकाच्या वेळी बैठक ठेवून ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ म्हणू नका. बसनं रोज प्रवास करणाऱ्या त्याच जास्त आहेत.

मोजलेले आकडे आणि अरुंद जागेचा फोटो भिंतीवर लावा. मतं मागू नका, प्रत्येकाला त्याची अडचण जागेसह सांगायला लावा. ‘त्रास होईल’ असं लिहिलेलं काही कामाचं नाही. ‘नंबर अमुक घरासमोर उताराच्या वळणावर बसला वळायला जागा नाही’ हे कामाचं आहे. इतिवृत्त लिहा, हजेरीच्या सह्या घ्या.

काळजीचं रूपांतर मागणीत करा

आता प्रत्येक काळजीला तिची मागणी जोडायची.

माल उतरवणं : दुकानांसाठी सकाळी आठच्या आधी आणि दुपारी एक ते चार अशा वेळा मागा, आणि दर दीडशे-दोनशे मीटरवर टेम्पोसाठी एक खाच. मार्गिका फक्त गर्दीच्या वेळेपुरती ठेवली तर कित्येक बाजारपेठांचा प्रश्न सुटतो, हा पर्याय अभियंत्यांनी मांडला नसेल तर तुम्ही मांडा.

पार्किंग जाणार असेल तर ‘पर्यायी पार्किंग’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या जागेत, किती दुचाकी, किती मोटारी आणि काम सुरू होण्याआधी की नंतर, हे लिहून घ्या.

रस्ता ओलांडणं हा सगळ्यात गंभीर विषय आहे, कारण इथं जीव जातो. मोकळ्या मार्गिकेत बस वेगात येते आणि उलट्या दिशेनंही येऊ शकते. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अठराएक सेकंद लागतात. सिग्नल बारा सेकंदांचा असेल तर ते मधेच अडकणार. शाळा, दवाखाना, मंदिर, मशीद यांच्यासमोर उंचवटा केलेली ओलांडणी, मध्ये थांबायला पुरेसं रुंद बेट आणि सिग्नलचे सेकंद, तिन्ही आकड्यांत मागा. पादचारी पुलावर भागवू देऊ नका, गुडघे दुखणारी माणसं तो चढत नाहीत.

फेरीवाल्यांबाबत २०१४ चा पथविक्रेता कायदा स्पष्ट आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि स्थलांतर करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर फेरीवाला समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांना बैठकीला बोलवा आणि पर्यायी जागा बसथांब्याजवळच मागा. भाजीवालीचं गिऱ्हाईक बसमधूनच उतरतं.

पाणी : आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. उंच केलेला फलाट किंवा दुभाजक पाण्याचा आडवा उतार अडवतो आणि तळमजल्याच्या घरांत पाणी शिरतं. जुलैमधले साचलेल्या पाण्याचे फोटो तारखेसह जपून ठेवा आणि आराखड्यात गटाराचा छेद मागा. जलवाहिनी, ड्रेनेज आणि केबलची खोदाई मार्गिकेच्या आधीच पूर्ण व्हावी, नवा रस्ता पुन्हा फोडला जाणार नाही असं लेखी घ्या.

सण : वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेशोत्सवाचे मंडप आणि कपिलेश्वर तलावाकडं जाणारी विसर्जन मिरवणूक यांचे मार्ग ठरलेले आहेत. त्या दिवसांत मार्गिका बंद ठेवणार का, कायमचे लोखंडी कठडे बसवणार की काढता येणारे, मूर्तीच्या उंचीला थांब्याचं छप्पर आड येईल का, हे मंडळांनी आत्ताच विचारावं. इतर धर्मीयांच्या मिरवणुकांनाही हेच लागू आहे.

आणि खास आपल्या भागाचा प्रश्न : मार्गिकेत कोण येणार? फक्त सिटी बस, की ग्रामीण बसही? कोल्हापूरकडून येणारी महाराष्ट्राची एसटी आणि गोव्याची कदंबा यांचं काय? शाळेच्या बस, रुग्णवाहिका, अग्निशमनाचे बंब? रुग्णवाहिकेला तरी निश्चित मुभा हवी. एसटी आणि ग्रामीण बस बाहेर ठेवल्या तर त्या उरलेल्या एका लेनमध्ये येतील आणि कोंडी आणखी वाढेल.

जागा जाणार असेल तर

घरांच्या भिंतींवर लाल खुणा दिसू लागल्या तर विषय बसमार्गिकेचा राहत नाही, मालमत्तेचा होतो. प्रत्येकानं आपला सिटी सर्व्हे उतारा, प्रॉपर्टी कार्ड आणि कर भरल्याच्या पावत्या काढून ठेवाव्यात. खूण कोणत्या कायद्याखाली केली ते लेखी विचारा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवसांत हरकत घेता येते. रोख भरपाईऐवजी टीडीआर म्हणजे विकास हक्क देऊ केले तर ते विकले कसे जाणार, त्याला भाव काय, हे वकिलाकडून समजून घ्या. वाचता येत नसलेल्या भाषेतल्या संमतीपत्रावर सही करू नका, आधी अनुवाद मागा. रीतसर संपादन न करता रस्ता केला तर काय होतं हे बेळगावनं बघितलंय, असाच एक वाद २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर गाजला.

झाडं तोडायची असतील तर कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. संख्या पन्नासच्या वर असेल तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात.

पत्र

दोन पानांच्या वर जाऊ नका. महापालिका आयुक्तांना मूळ प्रत, पोलीस आयुक्त, महामंडळाचे विभागीय नियंत्रक, जिल्हाधिकारी, नगरसेवक आणि आमदार यांना प्रती. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नमुना असा :

“मा. आयुक्त साहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही अमुक रस्त्यावरील रहिवासी, व्यापारी व फेरीवाले आहोत. बससेवा सुधारण्यास आमचा पाठिंबा आहे. मात्र प्रस्तावित आराखड्यात पुढील अडचणी आहेत. (१) अमुक दुकानापासून अमुक मंदिरापर्यंत रस्त्याची रुंदी फक्त इतके मीटर असून तेथे दोन्ही दिशांच्या मार्गिका बसत नाहीत. मोजमाप व छायाचित्र जोडले आहे. (२) शाळेसमोर ओलांडणीची सोय दाखवलेली नाही. (३) माल उतरवण्याची जागा व वेळ ठरवलेली नाही. तरी रुंद भागातच मार्गिका ठेवावी, अरुंद भागात एकेरी वाहतूक अथवा गर्दीच्या वेळेपुरती मार्गिका तपासावी, ताशी बसफेऱ्यांची लेखी हमी घ्यावी आणि कायम बांधकामापूर्वी एक महिना प्रायोगिक अंमलबजावणी करून निष्कर्ष जाहीर करावेत. अंतिम मंजुरीपूर्वी आमच्या वॉर्डात कन्नड व मराठी दोन्ही भाषांतून जाहीर बैठक घ्यावी, ही विनंती.”

एक महिन्याचा प्रयोग

ही मागणी कायद्याला धरून आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरतं. शंकू, दोर आणि पांढरा रंग वापरून मार्गिका आखता येते, आवडली नाही तर पुसता येते. काँक्रीटचं तसं नाही. प्रयोग शाळा चालू असताना घ्यायला लावा, मे महिन्याच्या सुट्टीत नको, कारण तेव्हा रस्ता तसाच मोकळा असतो.

त्या महिन्यात आधी केलेली मोजणी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा करा. बसला एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला किती मिनिटं लागली, बाकीच्या वाहनांना किती, रुग्णवाहिका अडकली का, शेजारच्या गल्ल्यांत वाहनं किती वाढली. हा शेवटचा मुद्दा विसरला जातो : मोठ्या रस्त्यावर जागा कमी झाली की दुचाकी आणि रिक्षा आतल्या बोळातून पळतात, आणि तिथं मुलं खेळत असतात. आतल्या गल्ल्यांना वेगरोधक आणि एकेरी फलक प्रयोग सुरू व्हायच्या आधीच मागा.

मार्गिका कायम झालीच तर ठेकेदाराच्या दुरुस्तीच्या हमीची मुदत किती आणि ती कधी संपते ते माहिती अधिकारातून काढून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात खचलेले पेव्हर, तुटलेले कठडे, बंद सिग्नल यांचे फोटो तारखेसह पाठवत राहा. महामंडळानं कबूल केलेल्या फेऱ्या प्रत्यक्षात चालतात का, ते दर तीन महिन्यांनी एक सकाळ थांब्यावर उभं राहून मोजा, आणि कमी भरल्या तर पुढचं पत्र त्याच आकड्यानं सुरू करा.